एम की एल? डोक्याला बसणारं हेल्मेट, अंगाला बसणारं गिअर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात रोज २२ किलोमीटर ऑफिसचं जाणंयेणं, महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणी किंवा महाबळेश्वर, गाडी ३५० सीसीची. डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर, डोळ्यांना चष्मा. मागे बायको बसते, तिच्यासाठी शोरूमने गाडीबरोबर दिलेलं हेल्मेट आहे. एकूण २५ हजार खर्चायची तयारी आहे. दुकानदार म्हणतो, ‘एल घ्या, थोडं सैल असलं की गरम होत नाही.’ तर हेल्मेट एम घ्यावं की एल, आणि उरलेल्या पैशांत आधी काय घ्यावं?

दुकानदाराचं ऐकू नका. सैल हेल्मेटही तितकंच तापतं, आणि पडल्यावर ते डोक्यावर जागच्या जागी राहत नाही. जॅकेट, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड या सगळ्यांची गोष्ट तीच: आपटण्याच्या क्षणी वस्तू तिच्या जागेवर असली तरच तिचा उपयोग. म्हणून आधी माप, मग प्रमाणपत्र, मग ब्रँड. रंग आणि ग्राफिक्स सगळ्यात शेवटी.

हेल्मेट काम कसं करतं ते समजलं की मापाचा आग्रह आपोआप पटतो. बाहेरचं कवच टणक असतं. ते आघात मोठ्या भागावर पसरवतं आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. खरं काम आतला ईपीएस करतो, म्हणजे आपण ज्याला सरळ थर्माकोल म्हणतो तो. तो साधारण तीन-चार सेंटिमीटर जाड असतो आणि चिरडत जातो. डोकं एका क्षणात थांबण्याऐवजी त्या तीन-चार सेंटिमीटरांत थांबतं. मेंदूला वाचवणारं अंतर तेवढंच. हेल्मेट आत दोन सेंटिमीटर हललं, तर डोकं आधी त्या पोकळीतून जाऊन मग थर्माकोलवर आदळतं, आणि बऱ्याचदा भलत्याच जागी आदळतं. शिवाय सैल हेल्मेट पहिल्या धक्क्यातच पुढे किंवा मागे कलंडतं आणि पुढचा धक्का उघड्या कपाळाला किंवा मानेच्या वरच्या भागाला बसतो. रस्त्यावर पडलेला माणूस एकदाच आपटून थांबत नाही.

‘मी तर शहरात चाळीसच्या वर जातच नाही’ हा युक्तिवादही इथेच निकालात निघतो. युरोपच्या ईसीई २२.०५ मानकात हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर पाडून तपासत. म्हणजे ताशी २७ किलोमीटर, किंवा सुमारे २.९ मीटर उंचीवरून पडणं. ‘एवढंच?’ असं वाटतं खरं. पण डोकं जमिनीवर आदळण्याचा वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवर ठरतो. गाडीचा पुढे जाण्याचा वेग घसरण्यात जातो (मध्ये दुभाजक, खांब किंवा दुसरी गाडी आली नाही तर). सिग्नलला उभ्या गाडीवरून तोल गेला तरी दीड-पावणेदोन मीटर उंचीवरचं डोकं जमिनीवर ताशी २० किलोमीटरच्या आसपास आदळतं. गल्लीतून दूध आणायला जाताना हेल्मेट लागतं ते यामुळे.

आता माप. शिंप्याची कापडी टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण दोन-अडीच सेंटिमीटर, कानांच्या किंचित वर, आणि मागे डोक्याचं हाड जिथे सर्वांत बाहेर आलेलं आहे तिथून टेप फिरवा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. तुमचे ५८ असेच आले असतील तर ठीक. टेप कपाळाच्या वरच्या बाजूला सरकली असेल तर तुमचं डोकं प्रत्यक्षात ५९ असू शकतं.

एम की एल याचं उत्तर मात्र या आकड्यातून थेट मिळत नाही, कारण ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात. परदेशी पद्धतीच्या तक्त्यात एम म्हणजे बहुधा ५७–५८ आणि एल म्हणजे ५९–६०. आपल्याकडच्या काही हेल्मेटांवर मात्र एलपुढे ५८० मिलिमीटर छापलेलं असतं. तेव्हा अक्षर विसरा आणि आतल्या लेबलवरचा मिलिमीटरचा आकडा बघा. तुम्हाला ५८० हवं. दोन मापांच्या मध्ये असाल तर आधी लहान घालून बघा. नवीन हेल्मेटचे गालाचे पॅड पहिल्या काही आठवड्यांत दबतात, आणि आज ‘छान, आरामात बसतंय’ वाटणारं हेल्मेट सहा महिन्यांनी डोक्यावर फिरायला लागतं.

घेर जुळला तरी आकार जुळेल असं नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. वरून पाहिलं तर कुणाचं डोकं जवळपास गोल असतं, कुणाचं लांबुळकं, बाकीच्यांचं मधलं. हेल्मेटही तशाच वेगवेगळ्या साच्यांची असतात. लांबुळक्या डोक्यावर गोल साच्याचं हेल्मेट घातलं की कपाळाच्या मधोमध ठणका लागतो आणि कानशिलांपाशी मात्र बोट सहज जातं. गोल डोक्यावर लांबट साच्याचं घातलं की कानशिलं आवळतात आणि हेल्मेट पुढे-मागे डुलतं. दोन्ही वेळा लोक एक माप मोठं घेतात. दुखणं थांबतं खरं, पण हेल्मेट सैल होतं. अशा वेळी मॉडेल किंवा कंपनी बदलायची. थर्माकोल दाबून किंवा खरवडून ‘जागा करून देणारे’ दुकानदार असतात, त्यांच्याकडून हेल्मेट घेऊ नका. खरवडलेल्या जागी थांबायचं अंतरच कमी झालेलं असतं.

दुकानात पुढच्या गोष्टी करून बघा. लाजू नका, रांग लागली तरी.

पट्ट्याची दोन्ही टोकं बाजूला ओढून हेल्मेट डोक्यावर चढवा. कान किंचित घासले पाहिजेत. टोपीसारखं अलगद बसलं तर ते मोठं आहे. पुढची कड भुवयांच्या जरा वर यावी. कपाळावर उंच चढलेलं हेल्मेट म्हणजे एकतर माप चुकलं किंवा खाली अंबाडा, क्लचर, स्कार्फची गाठ असं काहीतरी अडतंय. गाल दाबले जाऊन ओठ किंचित पुढे यावेत. दात चावताना गालाची आतली बाजू दाताखाली येत असेल तर नव्या हेल्मेटला ते अगदी योग्य आहे. कपाळ आणि पॅडच्या मध्ये करंगळी जाऊ नये.

मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवा, वर-खाली करा. भुवया आणि गालांची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर एक माप खाली या. यानंतरची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच. पट्टा नीट बांधा, मान थोडी पुढे झुकवा, आणि मागे मानेपाशी हेल्मेटची खालची कड धरून दुसऱ्या कुणाला ते वर आणि पुढे उपसायला सांगा. जोर लावून. हेल्मेट डोळ्यांवर थोडं येईल, पण डोक्यावरून निघायला आलं तर ते तुमच्यासाठी नाही, मग त्याला सुरक्षेचे कितीही स्टार मिळालेले असोत.

शेवटी ते घालून पंधरा-वीस मिनिटं तसेच थांबा. दाबाची दुखरी जागा पाच मिनिटांत कळत नाही. काढल्यावर आरशात बघा: कपाळावर सगळीकडे सारखी हलकी लाली चालेल, एकाच जागी नाण्याएवढा लाल डाग चालणार नाही. ऑनलाइन मागवलं असेल तर हीच परीक्षा घरी टीव्हीसमोर बसून द्या, आणि तोवर काचेवरची प्लास्टिकची फिल्म काढू नका, म्हणजे परत करता येईल.

चष्म्याचं वेगळं. आधी हेल्मेट, मग चष्मा, असा क्रम. काड्या सरळ आणि पातळ असाव्यात. कानामागे खोल वळणाऱ्या काड्या पॅडमध्ये अडकतात. काही हेल्मेटांच्या गालाच्या पॅडमध्ये काडीसाठी खाच असते, ती विचारून घ्या. वीस मिनिटांची परीक्षा चष्म्यासकट द्या, नाहीतर महाबळेश्वरच्या वाटेवर पसरणीच्या घाटात कानामागे ठणकायला लागेल आणि दर दहा मिनिटांनी हेल्मेट काढावंसं वाटेल.

पट्ट्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण चांगलं हेल्मेटही इथे वाया जातं. दोन कड्यांचा, म्हणजे डबल-डी पट्टा दोन्ही कड्यांतून आत न्यायचा आणि परत येताना फक्त एकाच कडीतून काढायचा. ओढलं की तो आपोआप आवळतो. टोकाला बटण असतं ते उरलेला पट्टा वाऱ्यात फडफडू नये म्हणून. नुसतं बटण लावून निघालेले रायडर दिसतात. त्यांनी पट्टा बांधलेलाच नाही. दातेरी पट्टीचं बकल रोजच्या वापराला सोपं, पण एक खोड आहे: दुकानात एकदा ठरलेली लांबी आपण बदलेपर्यंत तशीच राहते. पॅड दबत जातात आणि पट्टा सैल होत जातो. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या टोकाची लांबी पुन्हा जुळवा. पट्टा जबड्याखाली गळ्याला लागून बसावा आणि मध्ये एक, फार तर दोन बोटं जावीत. हनुवटीच्या टोकावर पट्टा घेतला तर तो सुटून येतो.

प्रकाराबाबत माझं मत सरळ आहे: फुल-फेस. पुढे तोंडावर पडणाऱ्याचा जबडा आणि हनुवटी रस्त्यावर घासते, आणि अर्ध्या किंवा उघड्या हेल्मेटमध्ये तिथे काहीच नसतं. पुढून उघडणारं फ्लिप-अप चष्म्याला सोयीचं आहे, पण घेताना ईसीईचं लेबल वाचा. नुसतं पी असेल तर हनुवटीचा भाग संरक्षण म्हणून तपासलेला आहे. पी आणि जे दोन्ही असतील तर तो बंद आणि उघडा असा दोन्ही प्रकारे मान्य आहे. एनपी असेल तर हनुवटीची ती पट्टी नुसती वारा अडवायला आहे. नुसतं जे म्हणजे उघडं हेल्मेट.

प्रमाणपत्रांचा घोळ आता सोडवू. १ जून २०२१ पासून भारतात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, आयात करणं, विकणं बेकायदा आहे. मानकाचा क्रमांक आयएस ४१५१. खऱ्या चिन्हात वर हा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. रस्त्याकडेला चारशेला मिळणाऱ्या टोपीवरही चिन्ह असतं; क्रमांक मात्र नसतो, किंवा भलत्याच कंपनीचा निघतो. डॉट हे अमेरिकेचं मानक. तिथे कंपनी स्वतःच ‘आमचं हेल्मेट पास आहे’ असं जाहीर करते आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं, त्यामुळे नुसत्या डॉटच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. ईसीई २२.०६ सध्या सगळ्यांत कडक समजल्या जाणाऱ्या मानकांपैकी आहे. त्यात सेकंदाला ८.२ मीटरच्या मोठ्या वेगाबरोबर ६ मीटरच्या लहान वेगानेही चाचणी होते, कारण नुसत्या मोठ्या धक्क्यासाठी कडक केलेला थर्माकोल लहान धक्क्यात पुरेसा दबत नाही. तिरक्या आघाताने डोकं गरकन फिरतं, त्याचीही चाचणी आहे. रस्त्यावरचे बहुतेक आघात तिरकेच असतात. तुमच्या बजेटमध्ये आयएसआय आणि ईसीई २२.०६ असं दोन्ही असलेलं हेल्मेट मिळतं, तेच बघा. स्टड्सचा एसएमके, बेळगावच्या ‘वेगा’ कंपनीचा ॲक्सॉर, आणि परदेशी नावांपैकी एलएस२ आणि एमटी या पट्ट्यात भेटतील. यांतलं कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही. ते तुमचं डोकं सांगेल.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट हेल्मेट घेतानाच बघा: काचेवर आतून पिनलॉकसाठी दोन खुंट्या आहेत का. पिनलॉक म्हणजे आतून बसवायची दुसरी पातळ काच. तिच्या कडेचा सिलिकॉनचा गोट मध्ये हवा कोंडून ठेवतो आणि धुकं धरत नाही. जुलैत ताम्हिणीत काच उघडी ठेवून डोळ्यांत पाऊस घेत जाणं, किंवा बंद ठेवून अंदाजाने वळणं घेणं, यातून ती सुटका करते. चष्म्यावरची वाफ मात्र तिने जात नाही. त्यासाठी नाकावरचा ब्रेथ गार्ड लावा आणि काच एक खाच उघडी ठेवा. काच पारदर्शकच असू द्या. काळी काच दिवसा ठीक, पण बोगद्यात शिरलं किंवा अंधार पडला की डोळ्यांवर पट्टी. काचेवर किडे-चिखल वाळले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि मग पुसा. कोरडं घासलं की चरे पडतात. घरच्या खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रे, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही काचेला किंवा पॉलिकार्बोनेटच्या कवचाला लावू नका. वरून दिसत नाही, पण प्लास्टिक ठिसूळ होतं.

आता मागे बसणाऱ्या वहिनींचं हेल्मेट. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सारखंच लागू आहे, आणि १९४ डी प्रमाणे दंड एक हजार रुपये, वर तीन महिने लायसन्स निलंबन. ते राहू द्या. मागे बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही, ब्रेक लागणार हे कळत नाही, हातात धरायला हँडल नसतं, त्यामुळे अंग सावरायला वेळच मिळत नाही. शोरूमचं हेल्मेट कुणाच्याच डोक्याचं माप घेऊन दिलेलं नसतं. वरच्या सगळ्या परीक्षा त्याच्यावर त्यांनी स्वतः घालून करायच्या. पुण्यात चेहऱ्याभोवती स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालायची पद्धत आहे. स्कार्फ घालायचाच असेल तर मापही स्कार्फ बांधूनच घ्या आणि गाठ मागे येऊ देऊ नका, ती हेल्मेट मागून उचलते. पातळ बालाक्लावा (डोकं, तोंड आणि मान झाकणारी घट्ट टोपी) याहून बरा: त्याची जाडी रोज तीच राहते आणि खोबरेल तेल हेल्मेटच्या अस्तरात मुरत नाही. केस लांब असतील तर मानेपाशी सैल वेणी. क्लचर नको, तो डोक्याच्या हाडावर टेकतो.

जॅकेटमध्ये सगळ्यांत जास्त फसवणूक ‘सीई’ या युरोपीय चिन्हाच्या दोन अक्षरांवर होते. खांदे-कोपरातले आर्मर, म्हणजे धक्का झेलणारे पॅड, सीई असणं वेगळं आणि जॅकेटचं कापड सीई असणं वेगळं. आर्मर ईएन १६२१ या युरोपीय मानकाप्रमाणे तपासतात. त्यावर ५० जूलचा धक्का देतात आणि आतल्या बाजूला किती बल पोहोचतं ते मोजतात. खांदा-कोपर-गुडघ्यासाठी लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २०. पाठीला निकष कडक: लेव्हल १ ला १८, लेव्हल २ ला ९. जॅकेट पूर्ण कपडा म्हणून तपासलेलं असेल तर लेबलवर ईएन १७०९२ आणि ए, एए किंवा एएए असा वर्ग असतो. सर्वांत जास्त घासणाऱ्या भागांची घर्षणचाचणी ए वर्गात ताशी ४५, एए मध्ये ७० आणि एएए मध्ये १२० किलोमीटर वेगाने होते. नुसते आर्मर सीई असतील आणि कापडाचं काहीच लिहिलेलं नसेल, तर घसरताना शिवण उसवते, बाही वर सरकते आणि तो उत्तम आर्मर दंडावर जाऊन बसतो, कोपर डांबरावर.

पाठीच्या खिशात हात घालून बघा. बऱ्याच जॅकेटांत तिथे नुसता फोमचा तुकडा असतो, दोन बोटांत चिमटला की चपटा होणारा. तो जागा धरून ठेवायला आहे, पाठ वाचवायला नाही. खऱ्या पाठीच्या आर्मरवर ईएन १६२१-२ लिहिलेलं आणि बी अक्षर असतं. तो वेगळा घ्यावा लागेल असं धरून हिशेब करा.

जॅकेटचं माप उभं राहून घ्यायचं नाही. दुकानाबाहेर लावलेल्या गाडीवर बसा आणि हँडल धरा. बाही मनगटाच्या हाडापर्यंत आली पाहिजे, पाठीमागे कंबर उघडी पडता कामा नये. मग एका हाताने कोपराचा आर्मर धरून दंडाभोवती फिरवायचा प्रयत्न करा. कोपराच्या हाडावरून तो सरकला तर बाहीचे पट्टे आवळा. तरी सरकला तर एक माप लहान. उभं राहिल्यावर छातीशी आणि काखेत किंचित घट्ट वाटलं तर चालतं, गाडीवर हात पुढे गेले की ते ठीक बसतं. आत स्वेटर घालता यावा म्हणून मोठं घेऊ नका. पुण्या-मुंबईला वर्षातले दहा-पंधरा दिवस थंडी, त्यासाठी साडेअकरा महिने सैल जॅकेट कशाला?

आपल्या हवेत मेशच, म्हणजे जाळीचं जॅकेटच घ्या. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूर किंवा विदर्भाकडे जाणार असाल तर लक्षात ठेवा, हवा अंगाच्या तापमानाहून गरम झाली की जाळीतून येणारा वारा गार करत नाही, अंगातलं पाणी शोषतो. तिथे आतला टी-शर्ट ओला करून घाला आणि दर तासाला पुन्हा भिजवा. कोकणात हा उपाय चालत नाही. दमट हवेत पाणी वाळतच नाही. पावसासाठी जॅकेटच्या आत लावायचं वॉटरप्रूफ अस्तर मला पटत नाही. अंग कोरडं राहतं, पण वरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही. वरून घालायचा रेनकोट बरा, जॅकेटवर मापून घेतलेला आणि मनगटा-कमरेला आवळता येणारा.

ग्लोव्हज लोक शेवटी घेतात. खरं तर हेल्मेटच्या लगेच मागे त्यांचा नंबर. पडताना हात पुढे जातो, तो आपल्या हातात नसतो. तळव्याचा खालचा भाग डांबराला चिकटतो, अंग पुढे जातं आणि मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं; ते जुळायला वेळ घेतं आणि कधीकधी जुळतही नाही. म्हणून तळव्याच्या मुळाशी प्लास्टिकचा कडक तुकडा असावा, हात घसरत जावा म्हणून. लेबलवर ईएन १३५९४. लेव्हल १ पुरे, केपी लिहिलेलं असेल तर बोटांच्या पेरांवरचं संरक्षणही तपासलेलं आहे. मनगटाचा पट्टा लावून बोटांच्या टोकांकडून कुणाला ओढायला सांगा. ग्लोव्हज निघून आला तर रस्त्यावरही निघेल. मूठ वळताना तळव्यात चुणी पडू नये, आणि क्लच दाबताना बोटाचं टोक शिवणीला टोचू नये.

पायाचं थोडक्यात. घोटा झाकला गेला पाहिजे, तळ कडक हवा, लेस असेल तर ती आत खोचा, नाहीतर गिअरच्या दांड्यात अडकते. बूट दोन्ही हातांनी टाच आणि चवडा धरून पिळून बघा. फडक्यासारखा पिळला गेला तर गाडीखाली पाय आला की तोही पिळला जाईल. रायडिंगच्या खऱ्या बुटांवर ईएन १३६३४ असतं. साधी जीन्स घसरताना क्षणात फाटते. रोज ऑफिसला पूर्ण रायडिंग पँट शक्य नसेल तर पँटवरून बांधायचे गुडघ्याचे गार्ड घ्या. गुडघ्याच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे पट्टे असलेलेच. एकाच पट्ट्याचा गार्ड पडल्या पडल्या नडगीवर जातो.

पंचवीस हजार असे वाटेन. तुमचं हेल्मेट साडेचार ते पाच हजार. वहिनींचं, शोरूमचं बसत नसेल तर, साडेतीन-चार. ग्लोव्हज अडीच. एए किंवा निदान ए वर्गाचं मेश जॅकेट आठ ते नऊ, त्यात घालायला लेव्हल २ चा पाठीचा आर्मर वेगळे दोन-अडीच. उरलेल्यात गुडघ्याचे गार्ड. बूट पुढच्या खेपेला; तोवर घोटा झाकणारे जाड चामड्याचे कुठलेही बूट, स्पोर्ट शूज नकोत. जॅकेट आणि ग्लोव्हज आधी तुमच्यासाठीच सुचवतो आहे, पण घाटात दोघं जाणार असाल तर ग्लोव्हजची दुसरी जोडी जॅकेटचा वर्ग एक पायरी खाली आणूनही घ्या.

घेतल्यावर हेल्मेट आरशावर उपडं टांगू नका. आरशाचं टोक आतल्या थर्माकोलमध्ये खळगा पाडतं आणि तो वरून अस्तराखाली दिसत नाही. ब्लूटूथचे स्पीकर बसवायला थर्माकोल कोरू नका, कॅमेऱ्यासाठी कवचाला भोक पाडू नका. अस्तर काढून लहान मुलांच्या शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा. रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर बहुधा काही बिघडत नाही, कारण आत डोकं नसल्याने थर्माकोल चिरडायला वजनच नसतं. कवचाला तडा आणि काचेचा खटका मात्र तपासा. डोक्यात असताना ते एकदा जरी आपटलं तरी बदला, बाहेरून ओरखडा नसला तरी. थर्माकोल एकदाच चिरडतो. न पडता चाललं तर उत्पादनाच्या तारखेपासून साधारण पाच वर्षं धरा. महिना आणि वर्ष पट्ट्यापाशी किंवा अस्तराखाली छापलेलं असतं. तेव्हा ‘चाळीस टक्के सूट’ दिसली की आधी अस्तर उचलून तारीख वाचा.